स्तन्यपानाविषयींचे जुने पाठ व त्यांचें पुनर्वाचन

१

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. त्यांतील काल डॉ. भाऊ दाजी यांनीं शके ७८२ असा वाचिला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासून शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निर्णय केला; व शिलाहार राजा मम्वाणि याच्या कारकीर्दीशीं तो जुळत असल्यामुळें आज तोच ग्राह्य धरितात. एका अंकाच्या वाचनानें देवालयाचें वय दोनशें वर्षांनीं कमी झालें. मूळ लेखापाशीं पुन्हां जावें, पूर्वसूरींचा मान राखावा, पण त्यांच्या वाचनास अंतिम समजूं नये, हा धडा संशोधकांनीं अशा प्रसंगांतूनच घेतला आहे.

देवालयाचा काल चुकला म्हणून कोणाचा प्राण जात नाहीं. वैद्यकीय पाठाची गोष्ट निराळी आहे. बाळंतिणीच्या खोलींत एखादा पाठ ‘शास्त्र’ म्हणून शेंकडों वर्षें चालत आला व तो अपुरा वाचलेला असला, तर त्याची किंमत तान्ह्या मुलास द्यावी लागते. मातेस अंगावर पाजण्यांत ज्या अडचणी येतात त्यांविषयीं आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे, त्यांपैकीं आजच्या कसोटीस काय उतरतें व काय टाकून द्यावें लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. विचाराचें क्षेत्र आम्ही बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर व त्यांस लागून असलेलें कल्याण, एवढेंच धरिलें आहे. बदलापुराजवळून वाहणारी उल्हास व अंबरनाथच्या देवळाजवळून जाणारी वालधुनी या नद्यांच्या कांठचा हा टापू लहान असला, तरी प्रस्तुत विषयाचे बरेचसे धागे येथें एकत्र येतात.

२

यांतील पहिला धागा कल्याणचा. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें माहेर कल्याणास. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला व तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखांतून दृढ झाला, हें त्यांच्या चरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत त्यांनीं पदवी घेतली तेव्हां प्रबंधासाठीं विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परदेशीं नवें शास्त्र शिकत असतां जुन्या ग्रंथांकडे वळून पाहण्याची ही बुद्धि लक्षांत घेण्याजोगी आहे. दुर्दैवानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या निवर्तल्या, व नवें आणि जुनें यांची सांगड घालण्याचें त्यांचें काम अपुरें राहिलें.

दुसरा धागा ग्रंथांचा. सुमारें १२६५ त देवगिरीच्या महादेव यादवानें शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला व उत्तर कोंकण यादवांकडे गेलें. त्याच महादेवाचा अधिकारी हेमाद्रि हा वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरील ‘आयुर्वेदरसायन’ टीकेचा कर्ता होय. ती टीका संपूर्ण उपलब्ध नाहीं. तथापि मूळ अष्टांगहृदय महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरोघर पठणांत होतें. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांच्या जोडीस काश्यपसंहिता आहे. बालरोग हाच जिचा मुख्य विषय, अशी ही संहिता नेपाळांतील एका खंडित ताडपत्रावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. प्रस्तुत विवेचनास हे चार ग्रंथ पुरेसे आहेत.

३

पहिला प्रश्न पहिल्या दुधाचा. प्रसूतीनंतर दोनतीन दिवस जें थोडें, दाट व पिवळसर दूध येतें त्यास आपण चीक म्हणतों. हा चीक पिळून टाकावा, तो बाळास पचत नाहीं, तोंवर मध, गुळाचें पाणी किंवा गाईचें दूध चाटवावें, अशी रूढि अनेक घरांत होती व कोठें कोठें अद्यापि आहे. या रूढीस शास्त्राधार काय, असें विचारलें असतां सुश्रुताकडे बोट दाखविलें जातें. सुश्रुत शारीरस्थानांत सांगतो कीं, हृदयस्थ धमन्या मोकळ्या झाल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं स्त्रियांस दूध सुटतें. म्हणून तोंवर बालकास मध, तूप व औषधिसिद्ध तूप यांवर ठेवावें. वाग्भटही बहुतांशीं हाच क्रम देतो.

परंतु चरकाचा पाठ निराळा आहे. जातकर्माच्या वेळीं मध व तूप चाटविल्यावर लगेच उजवा स्तन प्रथम द्यावा, असें चरक शारीरस्थानांत म्हणतो. तीन दिवसांच्या प्रतीक्षेची आज्ञा तेथें नाहीं. म्हणजे ‘शास्त्र चीक टाकण्यास सांगतें’ हें विधान आपल्याच शास्त्रग्रंथांच्या कसोटीवर टिकत नाहीं. दोन मान्य ग्रंथांत मतभेद आहे, आणि रूढीनें त्यांपैकीं एकच उचलून दुसरा विस्मृतींत टाकला आहे.

दोहोंपैकीं ग्राह्य कोणता, याचा निकाल आतां निरीक्षणानें लागला आहे. भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरतें, हें सुश्रुताचें निरीक्षण बिनचूक आहे. चुकलें तें त्यावरून काढलेलें अनुमान. चीक थोडा असतो, कारण नवजात बालकाचें पोटही तेवढेंच असतें. रोगांचा प्रतिकार करणारीं द्रव्यें त्यांत विपुल असतात. व लवकर पाजूं लागल्यानेंच पुढचें दूध वेळेवर उतरतें. म्हणून जन्मापासून पहिल्या तासाच्या आंत बाळ अंगाशीं धरावें व सहा महिने आईच्या दुधावांचून पाणीसुद्धां देऊं नये, असा आजचा निर्णय आहे. मधाविषयीं तर चरक व सुश्रुत दोघेही बाजूस ठेविले पाहिजेत. मधांतील एका जंतूच्या बीजांमुळें अर्भकास अंग लुळें पाडणारा घातक विकार होऊं शकतो, म्हणून वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच चाटवूं नये.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गाय व्याली म्हणजे तिच्या चिकाचा खरवस करून आपण आवडीनें खातों, शेजाऱ्यांकडेही पाठवितों. आणि स्वतःच्या मुलाच्या वाट्याचा चीक मोरींत ओततों. हा विरोध आमच्या पूर्वजांपैकीं बाळंतीण व गोठा दोन्ही सांभाळणाऱ्या एखाद्या आजीच्या ध्यानांत आलाच नसेल असें नाहीं. पण तिचें मत लिहून ठेवण्याची चाल नव्हती.

४

दुसरा प्रश्न दूध न सुटण्याचा. यास मराठींत फार नेमका शब्द आहे: पान्हा. संस्कृत ‘प्रस्नव’ शब्दापासून तो आला. दूध तयार होणें व पान्हा फुटणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आपल्या भाषेनें ओळखलें होतें. म्हणूनच गाय ‘पान्हा चोरते’ असें आपण म्हणतों, तिचें दूध आटलें असें म्हणत नाहीं. आजचें शरीरशास्त्रही हाच भेद करितें. प्रोलॅक्टिन या स्रावानें दूध तयार होतें व ऑक्सिटोसिन या स्रावानें तें बाहेर येतें. भय, लाज, वेदना व चिंता यांनीं दुसऱ्या स्रावास अडथळा होतो. दूध आंत असून बाहेर येत नाहीं.

सुश्रुताच्या निदानस्थानांत या बाबतींत जें आहे तें वाचून आश्चर्य वाटतें. अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें किंवा नुसत्या स्मरणानेंही दूध वाहूं लागतें व अखंड स्नेह हें त्याचें कारण होय, असा त्याचा अभिप्राय आहे. दूध नाहींसें होण्याच्या कारणांत तो क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांची गणना करितो. वाग्भट शोक व क्रोध यांस उपवास व श्रम यांची जोड देतो. आजच्या डॉक्टरानें बाळंतिणीच्या घरच्या मंडळींस एवढेंच वाचून दाखविलें तरी पुष्कळ काम होईल. ‘तुला दूध नाहीं’ असें दिवसांतून दहा वेळां ऐकणाऱ्या सुनेस पान्हा कसा फुटावा? तिला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओंवाळण्यापेक्षां तिच्या पाठीवर हात फिरवावा, बाळ तिच्या उघड्या छातीशीं निजवावें, व तिला पोटभर जेवूं घालून झोंप घेऊं द्यावी.

दूध खरोखर पुरतें कीं नाहीं, याची खूण बाळाच्या रडण्यांत शोधूं नये. पांचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळां लघवी होत असेल व जन्मानंतर किंचित् घटलेलें वजन सुमारें दोन आठवड्यांत भरून निघत असेल, तर दूध पुरत आहे असें समजावें. तसें होत नसेल तर मात्र विलंब न लावतां डॉक्टरास दाखवावें.

५

तिसरा प्रश्न दूध दाटण्याचा. दूध उतरलें म्हणजे स्तन तटतटून दगडासारखे होतात, बोंड आंत ओढलें जातें, बाळाच्या तोंडांत तें नीट येत नाहीं. सुश्रुतानें सांगितलें आहे कीं, पाजण्यापूर्वीं थोडें दूध पिळून काढावें. तसें न करतां ताठलेला भरगच्च स्तन दिल्यास बालकास खोकला, धाप व ओकारी होते. आजची परिचारिका हेंच सांगते: आधीं हातानें थोडें दूध काढून स्तन मऊ करावा, मग बाळास धरावें. कारणाची उपपत्ति बदलली असेल. कृति तीच आहे.

बोंडास भेगा पडण्याची अडचण फार स्त्रियांस येते, आणि ‘पहिलटकरणीस हें व्हावयाचेंच’ म्हणून ती सोसली जाते. वस्तुतः बहुधा तिचें कारण बाळ नीट न धरणें हें असतें. बाळाचें तोंड पूर्ण उघडूं द्यावें. केवळ बोंड नव्हे तर भोंवतालच्या काळ्या वर्तुळाचा बराचसा भाग त्याच्या तोंडांत जावा. हनुवटी स्तनास टेकावी व खालचा ओंठ बाहेर वळलेला असावा. दुखत असल्यास ओढून काढूं नये. तोंडाच्या कोपऱ्यांत करंगळी घालून पकड सोडवावी व पुन्हां लावावें. भेगेस आपलेंच शेवटचें थेंबभर दूध लावून वाळूं द्यावें.

चौथा प्रश्न स्तन सुजण्याचा. काश्यपसंहितेंत ‘स्तनकीलक’ या नांवानें या रोगाचें सविस्तर वर्णन आहे. अन्नाबरोबर पोटांत गेलेलें गवत, केस, किडा अशा वस्तूंपासून तो होतो, ही तेथील उपपत्ति आज कोणी मानणार नाहीं. परंतु ठणका, ताप व हात लावूं न देणें हीं लक्षणें रोग्याजवळ बसून टिपलेलीं आहेत. सुश्रुत चिकित्सास्थानांत म्हणतो कीं, गांठ कच्ची असो, दाह करीत असो किंवा पिकलेली असो, प्रत्येक अवस्थेंत दूध सतत काढीत असावें. आणि शस्त्र करणें प्राप्त झाल्यास दूध वाहणाऱ्या नाड्या व काळें स्तनाग्र वर्ज्य करावें. हा पाठ पुनःपुन्हां वाचण्यासारखा आहे. ‘सुजलेल्या बाजूचें दूध विषारी, तें पाजूं नये, स्तन बांधून टाकावा’ अशी जी समजूत आहे, तिच्या अगदीं उलट हा उपदेश आहे. आजचें मतही असेंच कीं, पाजणें थांबवूं नये. दूध कोंडल्यानें रोग बळावतो. गार पट्ट्या ठेवाव्या व विश्रांति घ्यावी. गांठ जोरानें चोळूं नये. ताप आला किंवा एका दिवसांत उतार पडला नाहीं तर डॉक्टराकडे जावें. आंत पू झाल्यास तो काढावाच लागतो.

६

पांचवा प्रश्न दूध वाढविण्याचा. चरकानें दूध उत्पन्न करणाऱ्या दहा औषधींचा एक गण दिला आहे: वाळा, साळी, साठेसाळी, दर्भ, कुश, काश इत्यादि तृणांचीं मुळें त्यांत आहेत. शतावरी व विदारीकंद वैद्यांच्या नित्य व्यवहारांत आहेत. घरांत मात्र अहळिवाचे लाडू, डिंक, मेथी, खारीक-खोबरें, बाळंतशोपा व खसखस यांवर भर असतो. यांतील पदार्थ पौष्टिक आहेत. बाळंतिणीस पोसण्याचा हेतु त्यांनीं साधतो, व त्या निमित्तानें तिचें कोणी कौतुक करितें हाही लाभ थोडा नाहीं. पण यांपैकीं अमुक एकानें दूध खात्रीनें वाढतें, असें सिद्ध झालेलें नाहीं. दूध वाढविणारें खरें औषध म्हणजे बाळाचें चोखणें. जितकें दूध बाहेर जाईल तितकें नवें तयार होतें. म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळां पाजावें व रात्रीचें पाजणें विशेषेंकरून चुकवूं नये.

आईस दूध नसल्यास वाग्भट आधीं दोन धात्री ठेवण्यास सांगतो, व त्याही न मिळाल्यास औषधि घालून शेळीचें किंवा गाईचें दूध. मराठ्यांच्या इतिहासांत या उपायाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस तिनें दूध पाजलें; मातोश्री सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर वारल्या. राजपुत्र होता म्हणून धाराऊचें नांव इतिहासांत उरलें. आपल्या मुलाच्या तोंडचा घोट दुसऱ्याच्या मुलास देणाऱ्या इतर असंख्य दूधआयांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत.

धाराऊचेंच काम आज निराळ्या रूपानें चालतें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. तपासलेल्या मातांनीं दिलेलें दूध तापवून निर्जंतुक करावयाचें व अपुऱ्या दिवसांच्या, आजारी किंवा आईचें दूध न मिळणाऱ्या बालकांस द्यावयाचें, असें तिचें काम. दूध परस्पर न देतां तपासून देण्याची दक्षता हीच काय ती जुन्या धात्रीच्या व या पेढीच्या पद्धतींतील मोठी सुधारणा.

७

आतां ज्या टापूचा आरंभीं निर्देश केला त्याकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसून त्यास उल्हासनगर नांव मिळालें. शोक, क्रोध, उपवास व श्रम हीं वाग्भटानें सांगितलेलीं चारही कारणें एका ठिकाणीं पाहावयाचीं झाल्यास त्या बराकींहून दुसरें उदाहरण नको. अशा आपत्तींत मातांस ‘तुमचें दूध आटलें’ म्हणून भुकटीचे डबे वाटण्याचा मोह होतो. जेथें पाणी शुद्ध नाहीं तेथें तो डबा मुलाच्या मुळावर येतो, असा जगभरचा अनुभव आहे. आधीं आईस अन्न, आडोसा व धीर द्यावा. चोखणें चालू ठेविल्यास कमी झालेलें दूध बहुधा परत येतें.

अंबरनाथची कथा निराळी. १९२० नंतरच्या दशकांत तेथें काड्यापेट्यांचा मोठा कारखाना निघाला व गांव उद्योगनगर होऊं लागलें. त्याच सुमारास मुंबई विधिमंडळांत कामकरी स्त्रियांस बाळंतपणाची रजा देण्याचें बिल आलें, डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं त्याचें समर्थन केलें, व १९२९ सालीं तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची अट घातली. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजेची मुदत २६ आठवडे झाली. वाग्भटानें ‘श्रम’ या एका शब्दांत जें सांगितलें होतें तें कायद्याच्या कलमांत येण्यास इतका काल लागला. तरीही बदलापूर किंवा अंबरनाथहून पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या मातेची अडचण सुटलेली नाहीं. तिनें स्वच्छ भांड्यांत दूध काढून ठेवावें. तें घरांत सुमारें चार तास व फ्रीजमध्यें चार दिवस टिकतें, मात्र उन्हाळ्यांत बाहेर फार वेळ ठेवूं नये. बाळास तें वाटीचमच्यानें पाजावें.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. जेथें जुन्या ग्रंथकारानें मातेच्या जवळ बसून पाहिलें, तेथें त्याचें म्हणणें आजही उभें आहे: पान्ह्याचें कारण स्नेह, दाटलेलें दूध आधीं काढावें, सुजलेला स्तन कोंडूं नये. जेथें त्यानें पाहिलेल्यावरून केवळ तर्कानें विधि बांधला, तेथें तो चुकला: चीक टाळला, मध चाटविला. एका पोथीचे हे दोन भाग वेगळे करणें हें ग्रंथाचा अपमान करणें नव्हे. भगवानलालांनीं अंक सुधारला म्हणून भाऊ दाजींची योग्यता कमी झाली नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं हस्तलिखितें जमविणारांस एक विनंती आहे. सनदा, वतनपत्रें व बखरी यांच्या शोधांत जुन्या घरांचीं दप्तरें चाळतांना औषधांचीं मोडी बाडें किरकोळ म्हणून बाजूस टाकलीं जातात. बाळंतिणीचें काढे, चाटणें, शेकाच्या कृति यांची नोंद अशाच बाडांत मिळण्याचा संभव. बदलापूर व अंबरनाथच्या जुन्या वाड्यांत तीं पाहावीं. उल्हासनगरांतील सिंधी घरांत हटवाणकी किंवा अरबी-सिंधी लिपींतील वह्या असल्यास त्यांच्याही प्रती करून घ्याव्या. आणि ज्या वृद्ध स्त्रियांनीं कधीं कांहीं लिहिलें नाहीं त्यांचें सांगणें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. जें मिळेल तें अक्षरशः जतन करावें. परंतु छापतांना शेजारीं आजचा निर्णय अवश्य द्यावा. कारण ताम्रपट वाचणारा त्याप्रमाणें वागूं लागत नाहीं, बाळंतिणीच्या घरचा वाचक मात्र वाचलेलें त्याच रात्रीं करून पाहतो.